शाळेचा वाढदिवस

ज्या दिवशी आमचं निम्मं ऑफिस कुठल्याशा परदेशी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी म्हणून घरी झोपलेलं असायचं, नेमके त्याच दिवशी आमचे राव सर, चेन्नईच्या उच्चारात राव सार, कामावर यायचे. धुतलेला पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर काळ्या अंगाऱ्याची रेघ, काखेत छत्री. वॉचमन म्हणायचा, "सार, आज लीव्ह आहे." सार विचारायचे, "कोणाची?" वॉचमन म्हणायचा, "राजाची." "मग राजाला सांग घरी बसायला," असं म्हणून ते आत जायचे.

हे लिहिताना मला जरा भीती वाटते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माणसाबद्दल लिहायचं म्हणजे काय सांगायचं आणि काय सोडायचं, हे मला नीटसं कळत नाही. राव सारांचं पूर्ण आयुष्यही मला माहीत नाही. मी त्यांच्याबरोबर सहा महिने काम केलं, जानेवारी ते जून. पण त्या सहा महिन्यांत ते एक लढाई लढत होते आणि ती मी जवळून पाहिली. म्हणून लिहिते.

आमचं कॉलेज चेन्नईच्या आवडी नावाच्या उपनगरात आणि इंटर्नशिपचं ऑफिस अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. एका बाजूला बोल्ट पाडणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पत्रे कापणारा, आणि मधे आमची काचेची इमारत. परदेशी कंपन्यांच्या गिऱ्हाइकांचे फोन आणि मेल तिथे यायचे. ज्या देशाचं टेबल, त्या देशाच्या सुट्ट्या. त्यामुळे दिवाळीला आमच्याकडे हजेरी असायची आणि नेदरलँडच्या राजाच्या वाढदिवसाला सुट्टी. कोणतं टेबल कधी बंद, कधी चालू, याचा वर्षाचा तक्ता राव सार करायचे. स्वतःच्या हाताने, मोठ्या चार्ट पेपरवर. सुट्टीचे दिवस एका जाड लाल मार्करने रंगवलेले असायचे. तो मार्कर त्यांच्या खिशाला कायम लावलेला, आणि त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती.

पहिल्या दिवशी मी जॉइनिंगचा फॉर्म भरत होते. जन्मतारीख लिहिली, एक जून. शेजारच्या टेबलावरून एक मान पुढे आली आणि मराठीत प्रश्न आला.

"शाळेचा वाढदिवस काय गे?"

मी दचकले. चेन्नईत मराठी ऐकून दचकलेच, पण त्या प्रश्नाने जास्त. आमच्या गावच्या शाळेत माझ्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनची होती. आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहायचे. हॉस्टेलमध्ये मुली या तारखेवरून चिडवायच्या. तुमच्या गावात एकाच दिवशी सगळ्यांचा जन्म होतो का, म्हणायच्या. मी हसायचे आणि विषय बदलायचे.

"खरा कधी?" सारांनी विचारलं.

"आई म्हणते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"होय की. मग लाजतेस काय? इंग्लंडचा राजा नोव्हेंबरात जन्मला, त्याचा वाढदिवस जूनमध्ये करतात. कां? तर नोव्हेंबरात तिकडे थंडी, मिरवणूक भिजते म्हणून. एक जन्माचा दिवस, एक सरकारी. तुझेही दोन. तू राजघराण्यातली गे!"

मग त्यांनी मला तक्त्यासमोर उभं केलं आणि एखाद्या देवळातला पुजारी मूर्ती दाखवतो तसे राजे दाखवले. जपानचा सम्राट फेब्रुवारीत. आधीच्या सम्राटाचा वाढदिवस डिसेंबरात होता, त्याने गादी सोडली, डिसेंबरातली सुट्टी गेली. नेदरलँडच्या आधीच्या राणीचा जन्म जानेवारीतला, पण थंडीत लोक रस्त्यावर कसे येणार, म्हणून ती आपल्या आईच्या वाढदिवशीच स्वतःचा साजरा करायची. थायलंडचा जुलैत. मलेशियाचा राजा दर पाच वर्षांनी बदलतो, पण सुट्टीचा दिवस ठरलेला, जूनचा पहिला सोमवार, कोणीही राजा असो. न्यूझीलंडचाही तोच सोमवार, इंग्लंडच्याच राजासाठी. "उन्हासाठी जूनमध्ये नेला, आणि न्यूझीलंडला जून म्हणजे कडाक्याची थंडी!" सार खो खो हसायचे. "आणि खुद्द इंग्लंडात त्या दिवशी सुट्टीच नव्हे. परेड शनिवारी. ज्याचा राजा, तो कामावर."

"आणि ऑस्ट्रेलिया?" मी विचारलं.

त्यांनी बोट वर केलं. "ऑस्ट्रेलिया म्हणशील तर फसशील. असकी ऑस्ट्रेलिया एक नव्हे. बहुतेकांचा जूनचा दुसरा सोमवार. क्वीन्सलँडचा ऑक्टोबरात. आणि पर्थ," इथे त्यांनी तक्त्यावर टकटक केलं, "पर्थचा सप्टेंबरात. राजा तोच. पर्थला तो सप्टेंबरात जन्मतो. लक्षात ठेव."

'असकी' म्हणजे सगळी. सारांची मराठी अशी होती. त्यांचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिकडेच, आता वेस्ट मांबलमला फ्लॅट. ते बोलायचे ते मला पोथीतलं वाटायचं, आणि त्यावर तमिळचा हेल. माझं बोलणं ऐकून ते म्हणायचे, "तुझी मराठी फार नवी आहे, अजून रंग वाळला नाही." पण त्यांना मराठी लिहिता येत नसे. माझ्यासाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या मराठीत असायच्या, अक्षरं तमिळ. तमिळमध्ये भ नाही, ख नाही, घ नाही. 'भात खा' हे 'पात का' असं दिसायचं. दोन महिन्यांत मी ते वाचायला शिकले. एकदा मी म्हटलं, सार, देवनागरी शिकवू का? ते म्हणाले, "सरी, बरं, शिकव. पण एकच ओळ. कोणती, ते मी सांगेन तेव्हा."

त्यांचा डबा म्हणजे दहीभात आणि डांगर पच्चडी, म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. मांबलमहून पार्क स्टेशन, तिथून पूल ओलांडून सेंट्रल, तिथून अंबत्तूर, असा प्रवास करूनही त्या डब्यातून कधी थेंब सांडला नाही. टेबलावर तंजावरचा मातीचा राजा, गोल बुडाचा, मान डोलावणारा. कोणी बोलायला आलं की बोलता बोलता त्याला टिचकी मारणार. तो आडवा व्हायचा आणि उठायचा.

एप्रिलच्या शेवटी नेदरलँडच्या राजाचा दिवस आला. त्या टेबलाला सुट्टी. तिकडचे लोक म्हणे त्या दिवशी नारिंगी कपडे घालून रस्त्यावर जुनं सामान विकायला बसतात. मी दुसऱ्या टेबलाच्या कामासाठी आले होते. सार आपल्या जागेवर, आणि समोर ऑरंज मिठाईची पुडी, इथल्या टपऱ्यांवर मिळते ती संत्र्याच्या फोडीसारखी गोळी. येईल त्याला देत होते.

"सार, तुम्ही तर सुट्टीच्या विरुद्ध ना?" मी विचारलं.

"सुट्टीच्या विरुद्ध कोण वेडा? पण मला सुट्टी हवी ती माझ्या सणाची हवी. ज्या राजाने मला कधी पाहिलं नाही, तो जन्मला म्हणून मी झोपायचं? आणि मी जन्मलो म्हणून?" त्यांनी मातीच्या राजाला टिचकी मारली. "मी जन्मलो म्हणून मला हाकलतायत."

ती लढाई ही होती. ऑफिसच्या कागदावर सारांची जन्मतारीख दहा जून. त्या जूनमध्ये ते साठ पूर्ण करणार आणि महिनाअखेर निवृत्त होणार. पण दहा जून ही त्यांचीही शाळेची तारीख होती. खरा जन्म नवरात्रातला, आश्विन शुद्ध तृतीया, तोही पुढच्या वर्षीचा. सोळा महिने वाढवून लिहिले होते.

कसे वाढले, ते त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ शाळेत एकटा जायला घाबरायचा. गाव आणि शाळा यांच्या मधे नदी, फळीचा पूल. भाऊ पुलाशी जाऊन रडत परत यायचा. शेवटी वडिलांनी दोघांना बरोबरच पहिलीत घालायचं ठरवलं. हेडमास्तर म्हणाले, धाकटा लहान आहे. तेव्हा वयाची परीक्षा एकच, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला पाहिजे.

"मी मान अशी वाकडी केली," सारांनी करून दाखवलं, साठीतला माणूस, मान कोंबड्यासारखी तिरकी, हात डोक्यावरून, "आणि बोटाचं टोक लागलं. हेडमास्तर हसले. लिहिलं, दहा जून. दादाचा हात धरून मी पूल ओलांडला. तो शिकला, रेल्वेत लागला. आता नाही तो." हात खाली आला. "ते वर्ष मी दादाला दिलं होतं गे. कंपनीला नव्हे."

त्यांनी अर्ज केला होता, खऱ्या तारखेला निवृत्त करावं म्हणून. सोबत जन्मपत्रिका जोडली होती, पिवळी पडलेली. आणि, मला हे फार आवडलं होतं, सोबत एक पान राजांचं. कोण केव्हा जन्मला, सुट्टी केव्हा, कोणासाठी दिवस हलवला. मी टाईप करून दिलं होतं.

मे महिन्यात मॅनेजर कार्तिकने त्यांना बोलावलं. कार्तिक तिशीतला, वाईट माणूस नव्हता. सारांना पाहिलं की उभा राहायचा. सार त्याला 'तंबी' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. काचेच्या केबिनचं दार उघडंच होतं, बोलणं तमिळमध्ये चाललं होतं आणि आम्ही सगळे कीबोर्ड न वाजवता टाईप करत होतो.

"सार, पत्रिका चालत नाही. रेकॉर्डमध्ये जे आहे ते आहे."

"जपानने एका सम्राटाची सुट्टी पुसली, दुसऱ्याची लिहिली. सगळ्या देशाने कॅलेंडर बदललं. त्याच्याकडे कोणी रेकॉर्ड मागितलं?"

"सार, तुम्ही राजा नाही."

सारांनी टेबलावरची पत्रिका उचलून घडी केली. मग सार म्हणाले, "ते मला साठ वर्षं ठाऊक आहे, तंबी. कागदाने साठ. खरं म्हणशील तर अठ्ठावन्न आणि काही महिने."

अर्ज नामंजूर झाल्याचा मेल दोन ओळींचा होता. सारांनी तो छापून तक्त्याशेजारी चिकटवला. मी म्हटलं, कशाला सार? "असू दे. पुढे कोणी म्हणू नये की राव न विचारता गेला."

त्याच महिन्यात नवी सिस्टिम आली. आता तक्ता कागदावर नको, कॉम्प्युटरमध्ये. तो भरायचं काम माझ्याकडे. सारांच्या तक्त्यावर ऑस्ट्रेलियाच्या राजाला वेगवेगळ्या महिन्यांत लाल खुणा होत्या. सिस्टिममध्ये एकच ओळ होती, ऑस्ट्रेलिया, जूनचा दुसरा सोमवार. मी कार्तिककडे गेले. "सर, पर्थ वेगळं आहे." तो दुसऱ्याच फोनवर होता. म्हणाला, "कंट्री सिलेक्ट कर, सेव्ह कर, बस." मी सेव्ह केलं. मला माहीत होतं की ते चूक आहे. तरी केलं. पहिल्यांदाच ऑफिसात काम करणाऱ्या मुलीने मॅनेजरला दुसऱ्यांदा कसं सांगायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सारांनाही मी सांगितलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

एक जून आला. हॉस्टेलमध्ये मुलींनी केक कापला, ऑफिसातल्या स्क्रीनवर माझं नाव आलं, सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. फक्त राव सारांनी दिल्या नाहीत. मला फार बरं वाटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचा मेसेज आला, तमिळ अक्षरांत, 'राणीसाहेब, आज तोंड गोड करा.' पण ते नंतरचं.

निरोपाचा समारंभ जूनच्या दुसऱ्या सोमवारी ठरला, कारण तो सारांच्या कागदी वाढदिवसाचा आठवडा होता आणि ऑस्ट्रेलियाचं मोठं टेबल बंद असल्याने सगळे मोकळे होते. दुपारी बारा वाजता कॅन्टीनमध्ये. फुगे लावायचं काम माझं. मी नऊ वाजता पोचले, तर वर ऑस्ट्रेलियाच्या टेबलांचे दिवे चालू. पंचवीस खुर्च्या रिकाम्या आणि एका खुर्चीवर राव सार, कानाला हेडसेट, समोर वही.

"येस मॅडम. पंप हवा घेतोय? प्राइमिंग, म्हणजे आधी पंपात पाणी भरणं, केलंत का? नाही? मग आधी ते करू, मी थांबतो."

मला काय झालंय ते क्षणात कळलं. पर्थच्या पाण्याच्या पंपांची कंपनी आमची गिऱ्हाईक होती. तिथे आज सुट्टी नव्हती. लोक सकाळपासून फोन करत होते आणि आमच्या सिस्टिमच्या मते सगळी ऑस्ट्रेलिया राजाचा वाढदिवस साजरा करत होती. सार नेहमीसारखे राजाच्या दिवशी कामावर आले नसते तर तिथे कोणीच नसतं.

फोन संपल्यावर मी सगळं सांगितलं. रडायला येत होतं.

"तू विचारलंस कार्तिकला?"

"विचारलं."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदा विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, तो नमस्कार झाला." त्यांनी दुसरा हेडसेट माझ्याकडे सरकवला. "बस गे. लाईन दोनवर म्हातारा आहे, ओरडेल. ओरडू दे, मग नाव विचार."

बारा वाजले. खाली सगळे जमले. साडेबाराला कार्तिक वर आला, मागे पंधरा-वीस जण, एकाच्या हातात केक, त्यावर क्रीमने 'हॅपी बर्थडे राव सार'.

"सार, सगळे थांबलेत. आज सुट्टी आहे."

सारांनी बोट वर केलं, एक मिनिट. हेडसेटमध्ये म्हणाले, "सर, तुमची तक्रार मी लिहून घेतली, वाचून दाखवतो." पूर्ण वाचून दाखवली. मग कार्तिककडे वळले.

"पर्थला नाही."

"सिस्टिममध्ये तर..."

तेव्हा मी उभी राहिले. हेडसेट काढला. माझी तमिळ मोडकी, तरी तमिळमध्येच बोलले. "सर, मी सांगितलं होतं. आता दुसऱ्यांदा सांगते. पर्थचा राजा सप्टेंबरात जन्मतो."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. कार्तिक हसला नाही. त्याने वाजणाऱ्या फोनकडे पाहिलं, स्क्रीनवर थांबलेल्या नावांची रांग पाहिली. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि सारांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तिसरा हेडसेट घातला. "सार, हा पंपाचा नंबर कुठे लिहिलेला असतो?"

"बुडाशी. चिखल पुसायला सांग."

केक बाजूच्या टेबलावर ठेवला गेला. पर्थचं ऑफिस सुटेपर्यंत कोणाला वेळ झाला नाही, आणि क्रीम खाली ओघळलं. शेवटी कार्तिकने सुरी पुढे केली. सार म्हणाले, "शाळेचा वाढदिवस आहे, केक शाळेला पाठव." मग आमची तोंडं पाहून मऊ झाले. "तुम्ही खा. मी खाणार नाही. खाल्ला तर मान्य केल्यासारखं होईल."

कार्तिकने त्या संध्याकाळी वरच्यांना सारांच्या तारखेबद्दल पुन्हा मेल लिहिला, हे मला माहीत आहे. स्पेलिंग तपासायला त्याने मलाच दिला होता. उत्तर तेच आलं, या वेळी एका ओळीचं. सारांनी तेही छापून पहिल्याच्या खाली चिकटवलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "ती ओळ शिकव." ओळ ऐकून मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली. त्यांनी ती तीनदा गिरवली, घडी करून खिशात ठेवली. संध्याकाळी मातीचा राजा रिकाम्या डब्यात रुमालात गुंडाळून ठेवला. तक्ता भिंतीवरच राहू दिला.

गेटपर्यंत मी आणि कार्तिक बरोबर गेलो. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि अवघडून म्हणाला, "सार, आयडी कार्ड जमा करायचं असतं."

सारांनी गळ्यातलं कार्ड काढलं. फोटो, नाव, खाली जन्मतारीख, दहा जून. त्यांनी छत्री माझ्याकडे दिली, खिशाचा लाल मार्कर काढला, कार्ड रजिस्टरवर ठेवलं आणि तारखेवर आडवी जाड रेघ मारली.

"सार, कार्ड कंपनीचं आहे," वॉचमन म्हणाला.

"कार्ड कंपनीचं. तारीख माझी."

मग खिशातला कागद न काढता, जीभ दातात धरून, त्यांनी रेघेखाली लिहिलं. शाळकरी मुलासारखं, एकेक अक्षर. लाल शाई प्लॅस्टिकवर नीट बसत नव्हती. त्यांनी फुंकर घातली, वाळू दिलं, आणि कार्ड वॉचमनच्या हातात ठेवलं. वॉचमनने कार्तिककडे पाहिलं. कार्तिकने मान हलवली, घे.

सार छत्री घेऊन स्टेशनच्या दिशेने निघाले. बोल्टच्या कारखान्याची पाळी सुटली होती, त्या गर्दीत तो पांढरा शर्ट थोडा वेळ दिसला. एकदा त्यांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला. खाजवला असेल, मला माहीत नाही.

मी वॉचमनच्या हातातलं कार्ड पाहिलं. 'आस्विन शुद्ध त्रुतीया', असं लिहिलं होतं. दोन चुका होत्या. सारांचा लाल मार्कर रजिस्टरवरच राहिला होता. मी टोपण लावून तो वॉचमनजवळ ठेवला आणि काही दुरुस्त केलं नाही.